तीन बाह्यांचा कोट

कचेरीतून निरोप आला तेव्हा काकू काज करत होत्या, आणि काज करताना काकूंशी बोलायचं नसतं हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. कचेरीच्या शिपायाला मात्र ठाऊक नव्हतं. त्याने दुकानाच्या पायरीवर उभं राहून एका दमात सांगून टाकलं, "काकू, साहेबांनी बोलावलंय. नागड्या माणसाला कपडे शिवायचेत."

सुई बोटात गेली. काकूंनी बोट तोंडात धरलं, शिपायाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "साहेबांना?"

"नाही हो! पुतळ्याला."

त्या कचेरीतल्या शिपायांचे आणि चालकांचे गणवेश गेली बावीस वर्षं काकूच शिवत होत्या. दरवर्षी कंत्राट नवं व्हायचं आणि त्यावर दुकान चालायचं. बाकी कामं, म्हणजे चेन बदलणे, पँट आखूड करणे, उसवलेलं शिवणे वगैरे, ही निव्वळ समाजसेवा होती. या बावीस वर्षांत काकूंनी शिवलेला एकही कपडा 'बसत नाही' म्हणून परत आला नव्हता. ही गोष्ट काकू स्वतःहून कोणाला सांगत नसत. फक्त दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती कळल्याशिवाय राहू नये एवढी काळजी घेत. हे कंत्राट नवं व्हायच्या तोंडावर असताना साहेबांनी बोलावलं तर पुतळाच काय, दिव्याच्या खांबालाही कपडे शिवायला जायला हवं होतं. काकूंनी टेप गळ्यात अडकवली आणि निघाल्या.

पुतळ्याची कथा अशी की, मुख्य कार्यालयाकडून परिपत्रक आलं होतं. अभ्यागतांचं मन प्रसन्न राहावं म्हणून प्रत्येक शाखेने दर्शनी दालनात एक कलाकृती ठेवावी. सोबत यादी होती, चित्रं नव्हती. यादीत 'वर्तुळ क्रमांक सात', 'मौन' आणि 'मानवी देह, उभा, कांस्य' असे तीन पर्याय होते. साहेब विचारी माणूस. वर्तुळाकडे बघून कोणाचं मन प्रसन्न होणार? आणि मौन तर कचेरीत आधीपासूनच होतं, चार नंबरच्या खिडकीवर. साहेबांनी मानवी देहावर खूण केली. त्यांच्या डोळ्यांसमोर कोट घातलेला, एक हात उंचावलेला कोणीतरी थोर पुरुष होता. खोकं उघडलं तेव्हा टायपिस्टबाई किंचाळून खाली बसल्या, आणि आयुष्यात दोन चोर पकडलेल्या पहारेकऱ्याने मागच्या फाटकावर बदली मागितली.

काकूंनी दालनात पाऊल टाकलं आणि त्याही दोन पावलं मागे सरल्या. खोटं कशाला बोला?

माणसाएवढा उंच, काळपट तांब्याच्या रंगाचा देह. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. मान खांद्यांच्या मधोमध असायची ती छातीतून पुढे निघालेली, आणि त्या मानेवर डोकं नव्हतं, एक उघडा तळहात होता, बोटं वर करून. उजवा खांदा घसरल्यासारखा खाली, आणि त्या हाताला कोपरं तीन. डाव्या काखेखालून आणखी एक हात फुटलेला, तो मागे वळून स्वतःचीच कंबर दाबत होता. पोटाला एक दार, अर्धवट उघडं, आत काही नाही. एक पाऊल बेताचं, दुसरं दुप्पट मोठं आणि सपाट. उजव्या गुडघ्यावर एक कान.

"परत पाठवता येत नाही," साहेब म्हणाले. ते पुतळ्याकडे पाठ करून उभे होते. गेला महिनाभर ते दालनात असेच वावरत. "हलवता येत नाही, खाली बोल्ट मारलेत. झाकायला मात्र हरकत नाही. काकू, एक खोळ शिवून टाका बरं पटकन."

काकूंची भीती जागच्या जागी विरघळली आणि तिथे अपमान येऊन बसला. खोळ! "खोळ गादीला शिवतात साहेब," त्या म्हणाल्या. "याला हात आहेत, पाय आहेत."

"हातच तर जास्त आहेत!"

"असू देत. माझ्याकडे कपडे शिवतात."

इथे हेडक्लार्क मधे पडले. हेडक्लार्क बारीक अंगाचे आणि जाड फायलीचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "काकू म्हणतात ते नियमाला धरून आहे, साहेब. खोळ म्हटलं की प्रकरण फर्निचरकडे जातं, आणि तिथून वर्षभर परत येत नाही. पोशाख म्हटलं तर गणवेशाच्या मंजुरीत बसेल." अशा रीतीने त्या देहाला नियमाने माणसाचा दर्जा मिळाला.

पण माणूस झालं की वर्गवारी आली. गणवेशाच्या छापील तक्त्यात शिपाई, चालक आणि सफाई कामगार असे तीनच रकाने होते. तीन दिवस टिपणं फिरली. शेवटी पुतळा 'चालक' ठरला, कारण कोट फक्त चालकांना मंजूर होता. पुतळ्याला गेल्या महिन्यात कोणी हलताना पाहिलं नव्हतं, पण कचेरीतल्या चालकांनाही पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यावर कोणी हरकत घेतली नाही. मग बाह्यांचा प्रश्न आला. तक्त्यात 'बाह्या : २' असं आधीच छापलेलं.

"तिसरी लिहा की पेनाने," काकू म्हणाल्या.

"छापील मजकुरात खाडाखोड चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि बराच वेळ छताकडे बघून त्यांनी तोडगा काढला. दोन बाह्यांचा एक नग होतो, तेव्हा तीन बाह्यांचे दीड नग. 'चालकाचा कोट, नग दीड' अशी मागणी मंजूर झाली.

काकू टेप घेऊन पुढे झाल्या. पहारेकऱ्याने आडवा हात घातला. पुतळ्याच्या पायाशी पाटी होती : 'कलाकृतीस हात लावू नये.'

"अरे, मग माप कसं घेऊ? नजरेने?"

"मला काय माहीत काकू? हात लावायचा तर मुख्य कार्यालयाची परवानगी पाहिजे."

परवानगीचा अर्ज गेला. ती यायला आठवडा लागणार होता. कंत्राटाच्या कागदावर साहेबांची सही व्हायलाही तेवढाच अवकाश होता, आणि साहेबांनी बोलता बोलता सुचवून ठेवलं होतं की हे एवढं निस्तरलं की सही झालीच समजा. म्हणून काकू रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दालनात जाऊ लागल्या. बाकावर बसायच्या, मांडीवर वही, आणि नजरेने अंदाज घ्यायच्या. हात लावता येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं करणार काय? बघणार.

गल्लीत ही बातमी फुटायला अर्धा दिवस लागला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मुद्दाम खाली आल्या. "काकू, अंगावर काटा येतो हो नुसता ऐकून! मी सांगू का, डोळे मिटून शिवा." समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने शास्त्रीय सल्ला दिला. "असले आकार रोज बघितले तर मेंदूवर परिणाम होतो. बघायचंच असेल तर एका डोळ्याने बघा." कंपाउंडरचं दुसऱ्या दिवशीही येणं झालं, परिणाम सुरू झाला का ते पाहायला.

घरी काका होते. काका म्हणजे काकूंचे यजमान, त्याच कचेरीतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी मसुदे लिहिले होते आणि त्यातही दिलगिरीच्या मसुद्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कचेरीत काहीही चुकलं, कोणाचंही चुकलं, की दिलगिरी काकांच्या अक्षरात जायची. ते म्हणाले, "अगं, खोळ म्हणाले तर खोळ शिवून मोकळी हो. साहेबाशी हुज्जत कशाला?"

"खोळ मी शिवणार नाही."

"मग सैलसर शिव. कसाही."

"अहो, बावीस वर्षांत मी कसंही काही शिवलंय का?" काकूंनी भांडं आपटलं. काका गप्प बसले. हे गप्प बसणंही ते उत्तम मसुद्यासारखं करत.

पहिले दोन दिवस काकूंना तो देह बघवत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर नुसती शिंप्याची झाली, आणि शिंप्याची नजर घाबरत नसते, ती इंच मोजते. खाली आलेला उजवा खांदा किती खाली? तीन बोटं. एवढा खांदा त्यांनी कुठे पाहिला होता? कुठे म्हणजे काय, कचेरीच्या जुन्या जमादाराचा असाच होता, जन्मभर फायलींचे गठ्ठे वाहून. गणवेश शिवताना काकू त्याच्या उजव्या खांद्यात कापसाची गादी भरायच्या, तपासणीच्या दिवशी दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून. मग त्यांना पाऊल दिसलं. ते मोठं, सपाट पाऊल. दिवसभर मशीन चालवून उठलं की आपलं पाऊल एवढंच होतं, दुप्पट. दिसत नाही, पण असतं. छातीतून पुढे आलेली मान तर ओळखीचीच निघाली. आरशात बाजूने पाहायचं काकूंनी त्या मानेपायीच सोडलं होतं. आणि तो तिसरा हात! दोन्ही हात कापडावर गुंतलेले असतात, कंबर मोडून येते, आणि मनात येतं की आणखी एक हात असता तर जरा मागून दाबून धरला असता. कोणाला सांगायची सोय नसलेली गोष्ट. ती इथे कोणीतरी कांस्यात ओतून उभी केली होती.

पाचव्या दिवशी काकू उठून अगदी जवळ गेल्या. हात मागे बांधून, पहारेकऱ्याला दिसतील असे. डोक्याच्या जागचा तो तळहात त्यांनी बारकाईने पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा होता, लांबट, आतल्या बाजूला. तसा घट्टा लिहिण्याने पडत नाही, कुदळीने पडत नाही. तो कात्रीने पडतो. काकूंनी आपला उजवा हात पुढे घेऊन शेजारी धरला. तोच घट्टा, त्याच जागी.

काकूंना रडू वगैरे काही आलं नाही. राग आला. म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, एका कातरकाम करणाऱ्या माणसाला समोर बसवून इतकं नीट पाहिलं होतं. सगळं दुखणं जागच्या जागी मांडलं होतं. आणि ते बघून या लोकांना भीती वाटते? आणि झाकायचं काम माझ्याकडे? मी आणखी काय केलं बावीस वर्षं? झाकलंच की! गाद्या भरल्या, अस्तरं लावली, सगळ्यांना सरळ करून पाठवलं. घरी येताना त्या रस्ताभर मोठ्याने बोलत होत्या आणि कंपाउंडरने लांबूनच ओळखलं की परिणाम सुरू झाला. गुडघ्यावरचा कान तेवढा काकूंना कळला नाही. तो शेवटपर्यंत कळला नाही. सगळंच कळायला हवं असा काही नियम नाही.

सातव्या दिवशी परवानगी आली : 'फक्त टेपेने स्पर्श करावा.' काकूंनी सत्तावीस मापं घेतली. हेडक्लार्क तक्त्यात सहाच्या पुढे लिहायला जागा नाही म्हणून मागच्या बाजूला लिहीत गेले. मग काकूंनी दुकानाचं दार लोटलं आणि तीन दिवस कोट शिवला. लांबी घोट्यापर्यंत ठेवली. गादी भरली नाही. गळा पुढे काढला. उजवा खांदा जिथे होता तिथेच ठेवला. तीन कोपरांच्या बाहीला तिन्ही ठिकाणी चुण्या दिल्या, म्हणजे हात वाकेल तशी बाही वाकेल. तिसऱ्या बाहीचा मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो घेर, काखेखाली असा बसवला की मशीनने स्वतःची पाठ थोपटून घ्यावी. पोटाच्या दाराला झाकण-पट्टी आणि एक बटण. साहेबांच्या आग्रहाखातर त्या वरच्या तळहातासाठी एक टोपीही, कोटालाच जोडलेली. कापड कचेरीचं होतं, चॉकलेटी, चालकांचं. काम मात्र असं की आयुष्यात पुन्हा होणार नाही. काका कोट उलटसुलट करून बघत राहिले आणि म्हणाले, "छान झालाय गं." मग घाबरून म्हणाले, "फारच छान झालाय."

त्यांची भीती खरी ठरली. सोमवारी सकाळी कोट चढवला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. साहेबांनी दीड महिन्यात पहिल्यांदा पुतळ्याकडे तोंड केलं आणि "वा" म्हणून ते आत गेले. कंत्राटाचा कागद त्यांच्या टेबलावर होताच.

आता, पुतळ्याचं तोंड (म्हणजे जे काही होतं ते) चार नंबरच्या खिडकीकडे होतं. मागून दालनात शिरणाऱ्या माणसाला काय दिसे? टोपी घातलेलं, चॉकलेटी कोटातलं, मान पुढे काढलेलं आणि एक हात मागे नेऊन कंबर दाबत उभं असलेलं कोणीतरी. कचेरीत कंबर दाबत उभा असलेला माणूस बघितल्यावर जाणता नागरिक काय करतो? तो त्याच्या मागे उभा राहतो.

साडेदहाला एक उभा राहिला. अकराला सहा झाले. बाराला रांग दाराबाहेर पायऱ्यांवर गेली होती. चार नंबरची खिडकी बंद होती, पण खिडकी बंद असणं हे रांग मोडायला कारण होऊ शकत नाही, उलट पुढे उभं राहायला मिळालं याचा आनंदच असतो. पहारेकरी इमानी माणूस. रांग दिसली की ती सरळ करायची एवढंच त्याला ठाऊक. तो मागच्यांना दटावत होता. पाचव्या नंबरच्या आजी म्हणाल्या, "पुढचे बिचारे किती वेळ उभे आहेत हो! कंबर धरलीय त्यांनी. कोणी खुर्ची द्या." खुर्ची आली. पुढचे बसले नाहीत. "मानी दिसतात," आजी म्हणाल्या.

दुपारी साहेब जेवायला निघाले. हातात फोन, मान वाकडी. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कोटाला त्यांनी जाता जाता, न बघता, सवयीने सांगितलं, "उद्या या."

तेव्हा रांगेचा संयम सुटला. सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाला 'उद्या या'? दुसऱ्या नंबरचे व्यायामशाळेचे मास्तर तावातावाने पुढे झाले आणि सहानुभूतीने त्यांनी कोटाच्या खांद्यावर हात ठेवला. मग टोपीत डोकावले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याही व्यायामशाळेत शिकवत नाहीत.

तक्रार लेखी झाली. खाली एकोणचाळीस सह्या. तक्रार आली म्हणजे दोष आला, आणि दोष कोणाचा तरी असावा लागतो. हेडक्लार्कांनी दुसऱ्या दिवशी काकूंना कचेरीत बोलावून शांतपणे समजावलं. "हे पाहा काकू, पुतळ्याचा दोष म्हणावा तर तो वरून आलाय. कापडाचा म्हणावा तर कापड आमचं. खिडकीचा म्हणावा तर खिडकी फार वर्षांपासून तशीच आहे. उरली शिवण. तुम्ही इथे फक्त सही करा : 'शिवण सदोष असल्याचे मान्य आहे.' फाइल बंद. कंत्राटावर साहेब लगेच सही करतात. आणि पुतळ्याला साधी खोळ घालू."

काका सोबत आले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. दिलगिरीचा मसुदा ते घरूनच घेऊन आले होते, सुवाच्य, तीन ओळींचा. "कर गं सही," ते हळूच म्हणाले. "शब्दच तर आहेत. मी चौतीस वर्षं लिहिले. काय बिघडलं?"

काकूंनी हेडक्लार्कांच्या हातातला कागद वाचला. दालनात माणसं भरलेली होती, कालचीच बरीचशी, कारण कालचं काम आज होणार होतं. मधे कोटातला तो देह. साहेब दारात उभे. काकूंच्या डोळ्यांसमोरून दुकान गेलं, मशीन गेलं, बावीस वर्षं गेली. सही केली तर सगळं राहणार होतं, फक्त शिवण सदोष होणार होती.

"सही करते," काकू म्हणाल्या. काकांनी सुटकेचा श्वास टाकला. "पण एक अट. कपडा चुकलाय म्हणता ना? म्हणजे अंग असं नसतं म्हणता. ठीक. या दालनात दोन्ही खांदे सारखे असलेला एक माणूस दाखवा. एकच. मी आत्ता सही करते."

हे सोपं होतं. सगळ्यांनी एकमुखाने व्यायामशाळेच्या मास्तरांना पुढे ढकललं. कालच्या किंकाळीनंतर त्यांनाही आपली छाती दाखवायची संधी हवीच होती. ते ताठ उभे राहिले. काकूंनी टेप लावली. "डावा एक बोट खाली. दप्तर डाव्या खांद्याला लावायचात?"

मास्तरांची छाती थोडी उतरली. "डाव्याच," ते म्हणाले.

टायपिस्टबाई आल्या. मान दोन इंच पुढे, आणि डावी बाजू वर. पहारेकऱ्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थकलेला निघाला. वीस वर्षं तो एकाच पायावर भार देऊन उभा होता आणि त्याला वाटत होतं की जमीनच उतरती आहे. पाचव्या नंबरच्या आजींनी टेप लावूच दिली नाही. "माझं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि पुतळ्यासारखाच हात मागे नेऊन त्यांनी कंबर दाबली. रांगेतले लोक आपापले खांदे चाचपू लागले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "अहो, तुमचा तर फारच वाकडा आहे." दुसरा म्हणाला, "तुम्ही काय तुमचा आरशात बघून आलात का?"

हेडक्लार्क फाइल छातीशी घट्ट धरून मागे सरकले. उरले साहेब. दालनातली सगळी डोकी तिकडे वळली.

"मला वेळ नाही," साहेब म्हणाले.

"दोन मिनिटं लागतील."

साहेब उभे राहिले. काकूंनी टेप लावली, पुन्हा लावली. "उजवा दोन बोटं वर. फोन तिथेच धरता ना, मान वाकडी करून?"

साहेबांनी मान सरळ केली. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "दुखतो हो फार. संध्याकाळी तर हात वर होत नाही."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मात्र आवाज मुळीच लहान केला नाही. "तुमच्या सगळ्यांचं माहीत आहे. बावीस वर्षं मी तुमच्या कपड्यांत गाद्या भरून ते झाकलं. याचं झाकणार नाही. शिवण सदोष नाही. एक टाका सदोष नाही. खोळ दुसऱ्या कोणाकडून शिवून घ्या."

"काकू," साहेबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं, "मग कंत्राट मला नाही हो वाचवता येणार. फाइलवर काहीतरी लिहावं लागेल मला."

"लिहा की. मी कुठे पाया पडायला आलेय?"

तेव्हा काका पुढे आले. त्यांनी हेडक्लार्कांच्या हातातला कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि पेन उघडलं. काकूंना वाटलं, आता हे आपल्या वतीने सही ठोकणार. त्यांनी हात पुढे केला, पण काकांनी तो बाजूला सारला, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी आपल्या त्या प्रसिद्ध सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'माप बरोबर आहे. शिवण निर्दोष आहे. देह असाच असतो. सबब दिलगिरी नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि अक्षर वाळेपर्यंत फुंकर मारत राहिले. हेडक्लार्कांनी वाचलं. चौतीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे ते बघतच राहिले. "हे कुठल्या नियमाखाली घेऊ?" त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," काका म्हणाले.

काकूंनी पुतळ्याच्या कोटाची बटणं सोडवली. टोपी काढली, तिन्ही बाह्या एकेक करून उतरवल्या. पहारेकरी पाटीकडे बघत होता, पण त्याने हात आडवा घातला नाही. "दोष आहे म्हणता तर परत नेते," काकू म्हणाल्या. "कापड तुमचं असेल तर या दुकानात मागायला." देह पुन्हा उघडा उभा राहिला, आणि आश्चर्य म्हणजे आज कोणी तोंड फिरवलं नाही. टायपिस्टबाई तर जवळ जाऊन त्या पुढे आलेल्या मानेकडे बघत होत्या, आपल्या मानेवर हात ठेवून.

पायऱ्या उतरल्यावर वारा लागला. काकूंनी हातातला कोट झटकला आणि विचार न करता अंगावर चढवला. उजवी बाही दोनदा दुमडावी लागली. बाकी कोट बसला. मानेशी बसला, खांद्याला बसला, पाठीत कुठे ओढ नाही, कुठे दाटत नाही. इतकी वर्षं काकूंचे स्वतःचे सगळे कपडे मानेशी ओढत आणि काकूंना वाटे, कपडा म्हटला की थोडं ओढायचंच. त्या मधल्या पायरीवर थांबल्या. खांदे हलवून पाहिले.

"कंत्राट गेलं गं," काका म्हणाले.

"गेलं."

"आता?"

"आता दुकान उघडायचं. वहिनींची चेन राहिलीय बसवायची." काकू चालू लागल्या. तिसरी बाही रिकामी, वाऱ्यावर मागे-पुढे हलत होती. भर रस्त्यात लोक थांबून बघत होते. कंपाउंडर दवाखान्याच्या दारात येऊन बघत होता, दोन्ही डोळ्यांनी. काकूही एकेकाकडे बघत चालल्या होत्या, आणि ज्याच्याकडे त्या बघत त्याचा हात नकळत स्वतःच्या खांद्याकडे जाई.

चौकात गाड्यांची गर्दी होती. काकांनी दोन्हीकडे पाहिलं, तिसरी बाही हातात घट्ट धरली आणि दोघांनी रस्ता ओलांडला.